कडी नसलेलं दार

ज्यांना फिट येते त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त, त्यांच्या बाथरूमबाहेर कान लावून उभ्या असणाऱ्या माणसांसाठी. गोळ्या कुठल्या, किती, कधी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मला दारांबद्दल कळतं. माझी नोकरीच दारांची होती.

मी राज्य पोलिसांच्या कमांडो पथकात होतो. आपल्याकडे पोलीस राज्याचे, त्यामुळे प्रत्येक राज्याचं असं एक पथक असतं, नाव वेगळं, कपडे वेगळे. त्याशिवाय दिल्लीच्या हाताखालचे काळ्या कपड्यातले कमांडो असतात. ते टीव्हीवर दिसतात. पण कुठे अतिरेकी शिरले, कुणी ओलीस धरले, तर ते विमानानं येईपर्यंत वेळ जातो, आणि तोवर जे काही करायचं ते राज्याच्या माणसांनी. आमचे उस्ताद, म्हणजे शिकवणारे, आमच्या कामाचं वर्णन दोन शब्दांत करायचे. 'ते येईपर्यंत.' बस्स, एवढंच आमचं काम.

बंद दारातून आत शिरायचं तर आम्ही भिंतीला चिकटून रांगेत उभे राहायचो. बोलायचं नाही. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तो त्याच्या पुढच्याच्या. हात पहिल्या माणसापर्यंत पोचला की त्याला कळतं, सगळे मागे आहेत, तयार आहेत. पहिला माणूस मी. एकदा शेजारच्या राज्याच्या पथकाबरोबर एकत्र सराव झाला. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, बोटांच्या खुणाही वेगळ्या होत्या. पण खांद्यावरचा हात तोच होता. तेवढ्यावर सगळं निभावलं.

आणि सकाळच्या हजेरीला उस्ताद प्रत्येकासमोर थांबून एकच शब्द विचारायचे. "फिट?" आपण म्हणायचं, "फिट." पाय मुरगळलेला असो, अंगात ताप असो, घरी भांडण झालेलं असो, उत्तर तेच. दुसरं उत्तर मी कधी कुणाकडून ऐकलं नाही.

मराठीत या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

जखम

त्या दिवशी सराव होता. जुनी रिकामी इमारत, पहिल्या मजल्यावरचं हिरव्या रंगाचं दार. मी पुढे, माझ्या मागे सावंत. हा सावंत मालवणकडचा, माझा जोडीदार. त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला एवढं आठवतं. दाराच्या हिरव्या रंगाचे पोपडे उडालेले होते, तेही आठवतं. मग काही नाही.

पुढचं सावंतनं सांगितलेलं. मी दारात शिरायच्या ऐवजी ताठ झालो आणि आडवा पडलो. हातपाय झाडायला लागलो, तोंडातून रक्त. बंदुकांमध्ये फक्त आवाज करणारी कोरी काडतुसं होती, पण या लोकांच्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली? चुकून एखादं खरं काडतूस आलं आणि मला लागलं. तशी शिकवणच होती. माणूस पडला की जखम शोधा. त्यांनी कात्री काढली आणि माझा सगळा युनिफॉर्म टराटरा कापला. पाठ पाहिली, पोट पाहिलं, काखा पाहिल्या, मांड्या पाहिल्या. रक्त येतंय आणि भोक कुठे नाही. सावंत म्हणाला, "जखम गावतच नव्हती रे." रक्त जिभेचं होतं. मीच चावली होती.

शेवटी स्वयंपाकघरातला माणूस धावत आला, त्यानं एक नजर टाकली आणि कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. "फिट आलीये त्याला," तो म्हणाला.

मला जाग आली तेव्हा मी चड्डीवर होतो, भोवती माझं अख्खं पथक होतं आणि सगळीकडे कांद्याचा वास. कुणीच माझ्याकडे सरळ बघत नव्हतं. ती लाज मी अजून विसरलेलो नाही. आणि हो, कांदा हुंगवून काही होत नाही. चप्पल हुंगवूनही नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या आणि शेजारी बसा. फिट लांबली किंवा थांबून पुन्हा सुरू झाली तर दवाखान्यात न्या.

कॉट

पनवेलच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डोक्याला वायरी चिकटवून आलेख काढला, मशिनीत घालून फोटो काढले. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरून मेंदूतला एक बारका डाग दाखवला. "जुना आहे. कशाचा ते सांगता येत नाही. तिथून हे सुरू होतंय."

"काढता येईल?"

"गोळ्यांनी ताब्यात राहील बहुतेक. बहुतेकांचं राहतं." मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"पोलिसात."

"पोलिसात म्हणजे?"

हे आम्हाला सांगायची परवानगी नव्हती. शेजारीपाजारी, नातेवाईक, कुणालाच नाही. माझी बायको सुजाता शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बंदूक असते त्यांच्याकडे."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. गाडी चालवायची नाही, त्या म्हणाल्या. उंचावर चढायचं नाही, पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही, झोप मोडायची नाही, बाथरूमला आतून कडी लावायची नाही. "आणि बंदूक तर नाहीच. बराच काळ फिट आली नाही तर पुढचं तुमचं खातं बघेल."

त्यातलं मी फक्त शेवटचं वाक्य उचललं. फिट आली नाही तर. म्हणजे परत जाता येईल. पुढचे कितीतरी महिने मी त्या एका 'तर'वर काढले.

दवाखान्यात फार दिवस नव्हतो, पण तिथले दिवस संपत नसत. सकाळी फरशी पुसली जाई, मग चहा, मग ब्लड प्रेशर, मग वाट बघणं. बाजूच्या कॉटवर कुणाचे तरी नातेवाईक सतत येत, डबे उघडत, हसत. माझ्याकडे पथकातले दोघं-तिघं साध्या कपड्यात आले, उभ्यानंच बोलले, सफरचंदं ठेवून गेले. एक गोष्ट मात्र आठवली की अजून बरं वाटतं. वायरींचा चिकट गोंद केसात राहिला होता. एका वयस्कर सिस्टरनं न सांगता कोमट पाणी आणलं, माझं डोकं मांडीजवळ ओढलं आणि एकेक बट सोडवत सगळा गोंद पुसून काढला. त्या कुठल्याशा सिरियलबद्दल बोलत होत्या. मी डोळे मिटून घेतले. रडतोय हे त्यांना दिसलं असणार, पण त्यांनी सिरियल थांबवली नाही.

निलंबित

आमचं घर करंजाड्यात, नव्या बिल्डिंगमध्ये. घरी आल्यावर सुजातानं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाथरूमची आतली कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं तेवढी राहिली. आंघोळीला बसलं की नजर तिथेच जायची.

सुजाता सकाळी बालवाडीत शिकवायला जायची. ती नसताना माझ्यावर लक्ष ठेवायला आई आमच्या गावाहून, गव्हाणहून आली. आईच्या मते मला बाहेरचं झालं होतं.

"खाडीवर गेलतास ना मासं पकडाला? तितंच लागलंय. येकदा भगताला दाखवून येव."

"आई, डोक्यात डाग आहे. फोटो आहे त्याचा."

"आमी काय वायट सांगतो काय? फोटो ऱ्हावदे. जायाला काय हाय?" मग ती आवाज खाली आणून खरं काय ते बोलली. "नि कुनाला सांगू नको फिटीचं. नंदीचं जमतंय आता."

नंदा माझी धाकटी बहीण. तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. भावाला फिट येते हे कळलं की सोयरीक मोडायला वेळ लागत नाही, हे आमच्या गावात मीही पाहिलं होतं. म्हणून कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं. आता गंमत बघा. पोलिसात नेमकं काय करतो हे आधीच सांगायचं नव्हतं, आता घरी का बसलोय हेही सांगायचं नाही. बोलायला उरलं काय?

पोलीसवाला दिवसभर घरी बसलेला दिसला की लोकांना कारण विचारावं लागत नाही. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी ठरवून टाकलं की मी पैसे खाताना सापडलो आणि निलंबित झालो. समोरच्या फ्लॅटमधले मुकादमभाई, रिटायर झालेले, पांढरी दाढी, लिफ्टमध्ये भेटले की काळजीनं विचारायचे, "काय साहेब, काही फैसला झाला का?"

"नाही अजून," मी म्हणायचो.

"होईल, होईल. वरपर्यंत द्यावं लागतं."

वाईट वाटण्याऐवजी मला जरा बरंच वाटायचं. खरं सांगायचं तर फिटीपेक्षा लाचखाऊ म्हणून मान जास्त होता. एकानं तर मला गावठाणातल्या जमिनीचा सौदा सुचवला, माझ्याकडे माल पडून असेल म्हणून. मी सुजाताला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसलो. त्या दिवसांत एकत्र हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

सावंतचा फोन यायचा. "फिट?" तो सुरुवातीलाच विचारायचा, सवयीनं.

"फिट," मी म्हणायचो.

मग काय? पथकात चाललंय काय ते त्यानं बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही हा नियम, आणि मी आता बाहेरचा. तो विचारायचा जेवलास का, मी म्हणायचो जेवलो. तो म्हणायचा पाऊस आहे का तिकडे. फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. कठड्याला टेकलो की आई आतून हाक मारायची.

मला कुणी क्षणभर एकटं सोडत नव्हतं, आणि मी आयुष्यात इतका एकटा कधी नव्हतो. रांगेत उभा असताना पुढे कुणी नसायचं, फक्त एक बंद दार, तरी एकटं वाटलं नाही. खांद्यावर हात असायचा. आता घरात दोन बायका माझ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होत्या आणि माझ्या अंगाला कुणी हात लावत नव्हतं. सुजातासुद्धा. काहीतरी फुटेल अशा बेतानं ती माझ्या बाजूनं जायची.

आंघोळीला गेलो की दारावर टकटक. "आहात ना?"

"आहे."

पाणी ओतलं की पुन्हा. "आहात ना?"

"आहे म्हटलं ना."

एकदा मी बाहेर येऊन ओरडलो, जरा मोकळं सोड मला, मी काय लहान पोर आहे? ती टॉवेल हातात घेऊन उभी होती. "तुम्ही आत असता तेव्हा मी इथे काय ऐकत असते, विचारलंत कधी?" ती म्हणाली. "पाण्याचा आवाज थांबला की मी दाराला कान लावते." मग आम्ही दोन दिवस फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो.

आतून

पण दिवस जात होते आणि फिट येत नव्हती. गोळ्यांनी सुस्ती यायची, तरी मी सकाळी घरातल्या घरात जोर मारायचो. पथकानं माझी जागा भरली नव्हती. सावंतनं नियम मोडून एवढं एक सांगितलं होतं. पहिला माणूस म्हणून ते सरावात कुणालातरी उभं करत, पण तात्पुरतं. ते ऐकून मला पोटभर जेवण गेलं.

रविवार होता. आई देवाला गेली होती. मी आंघोळीला बसलो. सुजातानं विचारलं, आहात ना. मी म्हणालो, आहे. हे आठवतं. पुढचं पुन्हा दुसऱ्याकडूनच ऐकावं लागलं.

आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. तिनं विचारलं, उत्तर नाही. तिनं दार ढकललं. कडी नव्हती, तरी दार उघडेना.

कारण दार आत उघडत होतं आणि आत मी पडलो होतो. माझी पाठ दाराला आणि पाय समोरच्या भिंतीला टेकलेले. तिनं खांदा लावला, लाथा मारल्या. फटीतून तिला माझी बोटं फरशीवर आपटताना दिसत होती. इतकी वर्षं मी दारं बघत आलो. कुठलं दार कुठल्या बाजूला उघडतं, बिजागरी कुठे, ढकलायचं की ओढायचं, बाहेरून एक नजर टाकून सांगायचो. स्वतःच्या बाथरूमचं दार मी रोज उघडत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. कारण मी दारं नेहमी आत शिरणाऱ्याच्या नजरेनं बघितली होती, आत पडलेल्याच्या नाही.

ती जिन्यात जाऊन ओरडली. मुकादमभाई बनियनवर धावत आले. दोघांनी मिळून दार लोटलं, माझं अंग फरशीवर सरकून उलटं वळलं आणि दाराची कड माझ्या कपाळाला लागली. टाके पडले. पण दार उघडलं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी कुशीवर होतो, अंगावर सुजाताची ओढणी होती आणि मुकादमभाई माझं डोकं धरून ओल्या फरशीवर बसले होते. त्यांनी कांदा मागितला नव्हता.

"आम्ही पैशाचं लफडं समजलो साहेब," ते म्हणाले. "माफ करा. माझ्या सख्ख्या भावाला हीच बीमारी होती. अब्बांनी कधी कुणाला कळू दिलं नाही. तो विहिरीवर एकटा गेला होता." मग ते उठले, सुजाताला म्हणाले, "बेटी, रात्री-बेरात्री दार ठोकायचं. लाज धरायची नाही." आणि बनियनवरच निघून गेले.

संध्याकाळी सावंतचा फोन आला. "फिट?"

कपाळाला पट्टी होती, जीभ सुजली होती. "फिट," मी म्हणालो. समोर सुजाता वाटाणे सोलत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

बाहेर उघडणारं

पुढे वैद्यकीय बोर्ड बसलं. तीन डॉक्टर, लांब टेबल. दुसऱ्या फिटीबद्दल मी खरं ते सांगितलं, टाके दिसतच होते. ते वाईट वागले नाहीत. एकानं पाणीही दिलं. हत्यार नाही, पथक नाही, कार्यालयीन काम. मी होय सर म्हणून बाहेर आलो.

मग कोतवर जावं लागलं. कोत म्हणजे हत्यारं ठेवण्याची खोली. माझ्या नावावरची रायफल तिथेच होती, फक्त नाव बदलायचं होतं. सावंत बाहेर थांबला होता. आता पहिला माणूस तो, हे त्याला सांगता येईना आणि मला विचारता येईना. "जेवलंस?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. गेटपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालत गेलो. आजवर कधी असे चाललो नव्हतो, नेहमी तो मागे असायचा. रिक्षात बसल्यावर मी रडलो. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे वळवला, देव त्याचं भलं करो.

त्यानंतर नंदानं स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला फोन करून माझ्या आजाराचं सांगून टाकलं. आईनं कपाळाला हात लावला. तिकडून निरोप आला की त्यांच्या आत्यालाही आहे. सोयरीक मोडली नाही. एवढे महिने आम्ही कशाला घाबरत होतो, हे मग कुणीच कुणाला विचारलं नाही.

मी काही दिवस पलंगावरून उठलोच नाही. एका सकाळी उठलो आणि विचुंब्याहून सुतार बोलावला. म्हटलं, बाथरूमचं दार फिरवायचं. आत नाही, बाहेर उघडलं पाहिजे.

"साहेब, बाथरूमचं दार बाहेर कोण उघडतं? पॅसेजमधी येनार ते. डोक्याला लागंल कुनाच्या."

"लागू दे."

बिजागऱ्या काढल्या, चौकटीची आतली पट्टी तासली, दार उलटं बसवलं. स्क्रू मी स्वतः पिळले. तुमच्या घरी कुणाला फिट येत असेल तर एवढं करा. कडी काढून भागत नाही. पडलेला माणूस स्वतःच कडी होतो.

सुतार गेल्यावर सुजाता बालवाडीतून आली. मी तिला म्हणालो, "बाहेर थांब. सांगितलं की उघड." मी आत गेलो, दार ओढून घेतलं आणि त्या दिवशी पडलो होतो तसा आडवा झालो, पाठ दाराच्या बाजूला. फरशी सकाळच्या आंघोळीनं अजून ओली होती. दाराच्या आतल्या बाजूला मी पहिल्यांदाच असा पडून बघत होतो. खाली फटीतून तिची पावलं दिसत होती. ती हलत नव्हती. इतके महिने ती पावलं तिथे होती आणि मी फक्त टकटक ऐकली होती.

"उघड," मी म्हणालो.

दार एका झटक्यात उघडलं. ती उंबऱ्यावर उभी होती.

"बरोबर," मी पडल्या पडल्या म्हणालो. "आत शिरताना आधी कोपरा बघायचा."

"कोपऱ्यात बादली आहे," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण उठवेना. अंगात त्राणच नव्हतं. ती आत आली, साडी गुडघ्यात खोचून माझ्या पाठीमागे वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला त्या हाताचं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तरी नाही.

"फिट?" तिनं विचारलं. फोनवर सावंत विचारतो तसंच.

या प्रश्नाला मी आजवर दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

ती तिथेच, ओल्या फरशीवर, माझ्या मागे बसली.